डावीकडचं शून्य

बस डेपोतल्या टायपिस्टला समोर सगळे बाई म्हणत आणि पाठ वळली की करवत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. करवत निदान सरळ रेषेत कापते, या डेपोत बाकी कोणाला तेवढंही जमत नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. नोकरीला एकतीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात अकरा मॅनेजर आले आणि गेले. अकराही जणांची पत्रं बाईंनी टाइप केली, आणि कर्ता कुठे गेला ते शोधत फिरणारी त्यांची वाक्यं वळणावर आणून दिली. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत, फक्त नाकातून एक आवाज काढत. तो आवाज मॅनेजरच्या केबिनपर्यंत जायचा.

त्यांच्या स्वतःच्या हातून टायपिंगची चूक झालेली कोणी पाहिली नव्हती. नवीन कारकून आला की जुने त्याच्याशी पैज लावत, की महिनाभरात बाईंची एक चूक काढून दाखव. पैज हरलेले दोघे अजून डेपोत होते आणि बाई त्यांना दररोज एकदा तरी त्याची आठवण करून देत.

पाच वर्षांपूर्वी टाइपरायटर गेला आणि त्या टेबलावर युनिक्सच्या घराण्यातलं एक यंत्र आलं. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, माउस नाही, चित्रं नाहीत. ते बसवणारा संगणक सल्लागार महिन्यातून एकदा यायचा. तापलेलं पोर काखेत घ्यावं तसा तो लॅपटॉप घेऊन फिरायचा, म्हणून डेपोने त्याचं नावच लॅपटॉप ठेवलं. ड्रायव्हरांच्या ड्युटीच्या पट्ट्या छापणारा प्रोग्राम त्याने सी भाषेत लिहून दिला होता. शहाण्या माणसाने बसच्या वेळा एका वेगळ्या फाइलीत ठेवल्या असत्या. याने त्या प्रोग्रामच्या पोटातच लिहून ठेवल्या. त्यामुळे दर आठवड्याला बाईंनी ती फाइल उघडायची, वेळा बदलायच्या, आणि मग यंत्राला सांगून त्या फाइलीतून चालणारा प्रोग्राम नव्याने बनवून घ्यायचा. त्यासाठी काय काय टाइप करायचं याच्या नऊ ओळी त्याने एका कार्डावर लिहून दिल्या.

"महिरपी कंसाच्या आत हात घालायचा, बाहेर नाही," तो म्हणाला होता. "आणि बाई, समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही फक्त टाइप करा."

बाईंनी फक्त टाइप केलं. कार्डावर नसलेली एकच गोष्ट त्या स्वतःच्या मनाने करत. दर आठवड्याच्या फाइलीची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून देत. कार्बन पेपरवर उभं आयुष्य गेलेली बाई, प्रत न ठेवता त्यांना घरी जाववलं नसतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोळ्यांत पाच वर्षं खुपत होती. लॅपटॉपने वेळा कशाही लिहिल्या होत्या. पाच पंचेचाळीसची बस म्हणजे ५४५, चार चाळीसची म्हणजे १६४०. एका आकड्यात तीन अंक, दुसऱ्यात चार. सगळा रकाना दात पडलेल्या तोंडासारखा दिसे. बाईंची बोटं शिवशिवत, पण कार्डाने मनाई केली होती, म्हणून त्या जुन्या ओळींतले अंक जेवढ्यास तेवढे बदलून गप्प बसत.

मग नवीन मार्ग सुरू व्हायचा ठरला. पुलापलीकडच्या इस्पितळापर्यंत सकाळी सहा पन्नासची बस. लॅपटॉपने फोनवरून सांगितलं, "खाली एक ओळ वाढवा, बाकी प्रोग्राम बघून घेईल." त्या सबंध फाइलीत बाईंनी स्वतःच्या हाताने जन्माला घातलेली अशी ही पहिलीच ओळ. ती त्यांनी नीट घातली. चार अंकांची. ०६५०. तीनदा तपासली आणि मान मागे करून समाधानाने पाहिली. एवढ्या गबाळ्या रकान्यात एक तरी ओळ माणसात बसवण्यासारखी झाली होती.

त्या बसवर ड्युटी लागली ती बाईंच्या धाकट्या भावाची.

भाऊ बावन्न वर्षांचा होता, पण बाई त्याला बाळ्या म्हणत आणि डेपोही चोरून तेच म्हणे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि बाई दहाच्या. तेव्हापासून त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावायची जबाबदारी त्यांनी जी घेतली ती त्याचं लग्न होऊनही सोडली नव्हती. बाईंनी स्वतः लग्न केलं नाही. त्या भाऊ आणि भावजयीबरोबरच राहत. सव्वीस वर्षांत बाळ्याने एक अपघात केला नव्हता, आणि कोणाला एक उलट उत्तर दिलं नव्हतं. पहिल्या गोष्टीचा बाईंना अभिमान होता. दुसरीचा त्यांना संताप यायचा. "पाठीला कणा आहे की दोरी?" असं त्या विचारत, आणि तो हसून म्हणे, "असेल काहीतरी, ताई."

मार्गाच्या उद्घाटनाला डेपोबाहेरच्या पहिल्या थांब्यावर सोळा खुर्च्या मांडल्या होत्या. फीत होती, कात्री होती, कात्री धरायला एक मोठे गृहस्थ होते आणि त्यांच्या बाजूला कात्रीचं तबक धरायला एक लहान गृहस्थ. इस्पितळातल्या नर्सेस घड्याळ बघत उभ्या होत्या. सहा पन्नास झाले, सात झाले. मोठ्या गृहस्थांनी भाषण एकदा केलं आणि बस येईना म्हणून पुन्हा एकदा केलं. दुसऱ्या वेळी ते जास्त वाईट झालं. सव्वासातला शोध लागला, की बस कधीच जाऊन आली होती. चार चोवीसला डेपोच्या गेटमधून निघून, प्रत्येक थांब्यावर अंधाराला दारं उघडून देऊन, ती परत येऊन धुऊनसुद्धा झाली होती. ड्रायव्हर घरी चहा पीत होता, कारण उद्घाटनाचं आमंत्रण त्याला कोणी दिलंच नव्हतं.

बाळ्याने पट्टीवर लिहिलेली वेळ पाळली होती. पट्टी मात्र आता नव्हती. फेरी संपली की पट्टी परत द्यायची, आणि परत आलेल्या पट्ट्या वर्कशॉपमध्ये हात पुसायला जायच्या, अशी डेपोची पद्धत होती. कागद वाचवण्याची ही युक्ती सातव्या की आठव्या मॅनेजरची. त्याला त्यासाठी ढालही मिळाली होती.

"सहा पन्नासचं चार चोवीस वाचलंस?" मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला. "चष्मा कोणाचा घातला होतास?"

सगळे हसले. यंत्राच्या फाइलीत सहा पन्नास होतं, वहीत सहा पन्नास होतं, आमंत्रणपत्रिकेत सहा पन्नास होतं. चार चोवीस फक्त बाळ्याच्या तोंडात होतं, आणि गेटच्या वहीत, जिथे ते त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं. ज्याला छापलेला आकडा वाचता येत नाही त्याच्या हातात चाळीस माणसं द्यायची का, असा प्रश्न निघाला. बाळ्याला निलंबित केलं. दोन आठवड्यांनी चौकशी, आणि तिथे काही निघालं नाही तर डोळे नि डोकं तपासून कायमचं घरी. नवा मार्ग तूर्त बंद झाला आणि बाईंना त्याची ओळ फाइलीतून काढून टाकायला सांगितलं. त्यांनी ती काढली. प्रत अर्थात ठेवलेली होती.

आणि बाळ्याला सगळ्यांत जास्त कोणी झापलं असेल तर ते बाईंनी.

"मी तीनदा तपासलंय!" घरात शिरल्या शिरल्या त्या म्हणाल्या. "आज पुन्हा प्रत उघडून बघितली. शून्य सहा पाच शून्य. डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

"तू टाइप केलंस म्हणजे सहा पन्नासच असणार, ताई," बाळ्या म्हणाला. "मला आपलं चार चोवीस दिसलं. माझंच काहीतरी झालं असेल."

भावजयीने चहाचा कप बाईंच्या पुढ्यात नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवला.

तिसऱ्या दिवसापासून बाळ्या घरातल्या गोष्टी वाचू लागला. औषधाच्या बाटल्या, डब्यांवरची नावं, विजेच्या मीटरवरचे आकडे. ओठ हलवत, बोट ठेवून. पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघरात घड्याळासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग अगदी हळू म्हणाला, "ताई, त्यात सव्वाआठच वाजलेत ना?"

बाईंनी हो म्हटलं. रस्त्याने डेपोकडे जाताना त्यांना एक विचार सुचला आणि तो त्यांना आधी का सुचला नाही म्हणून त्या स्वतःवरच खेकसल्या. ज्याचं डोकं फिरलंय तो माणूस चार म्हणेल, साडेचार म्हणेल. चार चोवीस कोण म्हणेल? एवढा नेमका आकडा स्वप्नात येत नाही. तो कुठेतरी छापलेला असावा लागतो.

बाई लॅपटॉपला गाठायला त्याच्या ऑफिसात गेल्या. त्याने मांडीवरचं यंत्र त्यांच्याकडे वळवलं. वेळापत्रकावरून त्याने स्वतः नवीन ओळ टाइप करून पाहिली होती आणि पडद्यावर सहा पन्नास झळकत होतं.

"बघा, बरोबर येतंय. प्रोग्राम चुकत नसतो, बाई. माणूस चुकतो."

"मग मला तुमचा प्रोग्राम वाचायला शिकवा."

तो हसला. वाईट हसला नाही, प्रेमाने हसला, आणि ते जास्त लागलं. "या वयात सी? बाई, बरी बरी पोरं रडतात. तुम्ही फक्त टाइप करा."

बाईंनी नाकातून आवाज काढला आणि तिथून थेट जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या. सी शिकवणारं एक जाडजूड पुस्तक मिळालं. आधीच्या मालकाने पहिल्या वीस पानांवर पेन्सिलीने भरघोस खुणा केल्या होत्या. एकविसाव्या पानापासून पुस्तक कोरं होतं. हे पाहून बाईंना हुरूप आला. पोरांचा दम किती असतो ते त्यांना कळलं.

दुपारच्या सुट्टीत डबा टेबलाच्या खणात ठेवून त्या काळ्या पडद्यासमोर बसू लागल्या. पुस्तकाचं म्हणणं होतं, पहिल्या प्रोग्रामने जगाला नमस्कार करावा. जगाने असं काय केलंय, असं म्हणून बाईंनी इंग्रजी अक्षरांत 'गप्प बसा' छापायचं ठरवलं. सहा ओळींचा प्रोग्राम. सीसी म्हणजे सी वाचून त्यातून चालणारा प्रोग्राम बनवून देणारा कंपायलर. त्याला हाक मारली, तर तो म्हणाला, पाचव्या ओळीत चूक आहे. चूक! बाईंच्या टायपिंगमध्ये! त्यांनी पाचवी ओळ चार वेळा वाचली. ती निर्दोष होती. चौथ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता.

"दोष एकाचा आणि आळ शेजाऱ्यावर," बाई पडद्याला म्हणाल्या. "डेपोतलाच दिसतोस."

तरीही कंपायलर त्यांना आवडला. एकतीस वर्षांत असा पहिलाच वरिष्ठ भेटला, जो चूक ओळीच्या आकड्यानिशी दाखवतो आणि आवाज चढवत नाही. अर्धविराम दिल्यावर तो काही न बोलता निघून गेला आणि मागे ए डॉट आउट नावाची फाइल ठेवून गेला. बाईंनी ए डॉट आउट असं टाइप केलं. यंत्र म्हणालं, सापडत नाही. यादी काढली, तर फाइल समोर बसलेली. पुन्हा हाक मारली. पुन्हा सापडत नाही. आवक-जावक विभागातला तो कारकून आणि हे यंत्र एकाच शाळेत शिकलेले असावेत. कागद टेबलावर असला तरी 'या टेबलावरचा' म्हटल्याशिवाय त्याला दिसत नाही. पुस्तकात पुढच्या पानावर तेच होतं. नावाआधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ द्यायची, म्हणजे 'ही इथली'. बाईंनी दिली.

पडद्यावर उमटलं, गप्प बसा.

बाई खरोखरच गप्प बसल्या. त्यांना उमगलेली गोष्ट पुस्तकात लिहिलेली नव्हती. फाइलीत त्यांनी सहा ओळी टाइप केल्या होत्या. कंस, अर्धविराम, काय काय. बाहेर आले दोन शब्द. म्हणजे टाइप केलेलं एक आणि बाहेर येतं ते दुसरंच. टाइपरायटरवर जे मारलं तेच कागदावर उमटतं, आणि हेही तसंच, असं त्या पाच वर्षं धरून चालल्या होत्या. म्हणून त्या दरवेळी फाइल तपासत. पट्ट्या शेजारच्या खोलीत छापल्या जात, तिथला कारकून त्या कात्रीने कापून ज्याची त्याला देई, आणि छापलेलं वाचायचं असतं असं कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. यंत्राने काढलंय ना, मग वाचायचं कशाला!

त्यांनी त्या आठवड्याची प्रत शोधली, कंपायलरच्या हवाली केली आणि टिंब-तिरकी रेघ देऊन चालवली. पडद्यावर वेळा उतरल्या. शेवटची ओळ होती ४:२४.

त्या उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. बाळ्याचे डोळे ठीक होते. डोकंही ठीक होतं. आनंदाने त्यांना रडू येईल असं वाटलं, पण त्याच्या आधी राग आला, आणि बाईंना रागाचीच सवय जास्त होती. प्रोग्राम चुकत नसतो काय? थांब म्हणावं. त्यांना फाइल कोणाला तरी दाखवून मोकळं होता आलं असतं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होणार नव्हतं. लॅपटॉपची चूक त्यांना ओळीच्या आकड्यानिशी हवी होती, कंपायलर देतो तशी, चौकशीच्या टेबलावर आपटायला.

पुढचे चार दिवस त्यांनी तो प्रोग्राम ओळ न ओळ वाचला आणि प्रत्येक ओळीला नावं ठेवली. आकडे ठेवायच्या जागांना त्याने एक्स, एक्सएक्स आणि एक्सएक्सएक्स अशी नावं दिली होती. "घरात तीन पोरं झाली तर तिघांनाही बंड्या म्हणेल हा," बाई पुटपुटल्या. एके ठिकाणी त्याने स्वतःसाठी टीप लिहिली होती, की हे नंतर बघू. पाच वर्षं झाली होती. आकड्याला शंभराने भागायचं, भागाकार म्हणजे तास, बाकी म्हणजे मिनिटं, हे सूत्र त्यांनी कागदावर दहा वेळा करून पाहिलं. बरोबर होतं. छापण्याची ओळ बरोबर होती. सगळा प्रोग्राम दिसायला गबाळा होता आणि त्यात एकही चूक नव्हती. बाईंची याहून मोठी निराशा कशाने झाली नसती.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी, पुस्तकाच्या त्रेचाळिसाव्या पानावर, बारीक टाइपात, त्यांना दोन ओळी सापडल्या. ज्या आकड्याच्या सुरुवातीला शून्य असेल तो सी दहाच्या हिशेबाने मोजत नाही, आठच्या हिशेबाने मोजते.

बाईंनी पेन्सिल घेतली. सहाच्या जागी सहा चौसष्टे, तीनशे चौऱ्याऐंशी. पाचच्या जागी पाच आठे चाळीस. शेवटी शून्य. बेरीज चारशे चोवीस.

तरी त्यांनी तीन ओळींचा प्रोग्राम लिहून पाहिला, कारण पेन्सिलीवर त्यांचा विश्वास नव्हता. आधी ६५० छापायला सांगितलं, मग ०६५०. पडद्यावर एकाखाली एक आलं, ६५० आणि ४२४. जुन्या ओळींत ते शून्य नव्हतं. लॅपटॉपने स्वतः टाइप केलेल्या ओळीतही नव्हतं. त्या सबंध फाइलीत शून्य एकाच ठिकाणी होतं, आणि ते त्यांनी मान मागे करून समाधानाने पाहिलेलं होतं.

डोळे आहेत की शर्टाची बटणं, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी डबा उघडला, आणि न खाता पुन्हा बंद केला. लाज वाटणं म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्यांच्या बाबतीत नेहमीच नेमकं माहीत असायचं.

लॅपटॉप त्याच वेळी महिन्याच्या फेरीला आला होता. पडद्यावरचे दोन आकडे त्याने पाहिले, बाजूला उघडी असलेली जुनी प्रत पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याने इकडेतिकडे बघून खुर्ची जवळ ओढली.

"बाई, उद्या आपण असं सांगू. मशीन जुनं झालंय, कधीकधी वेडंवाकडं छापतं. नव्या मशीनचा प्रस्तावही त्याच्यात बसून जाईल. तुमच्या भावाला संशयाचा फायदा देऊन हलक्या कामावर घेतील, पगार चालू राहील. तुमचं नाव कुठे येणारच नाही."

"आणि बस?"

"बस काय, दुसरा कोणी चालवेल."

"शून्याचं हे कार्डावर का नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"कोणी तिथे शून्य लावेल असं मला वाटलंच नाही."

"कोणी नीटनेटकं काम करेल असं वाटलं नाही, असं म्हणा," बाई म्हणाल्या. पण हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा कापत गेला नाही.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी त्या सल्ल्याचा विचार केला नाही असं नाही. चांगला दोन बसथांबे केला. एकतीस वर्षं, एक चूक नाही. पैज हरलेले ते दोघे. शून्य कोणालाही दिसणार नव्हतं. या डेपोत सी वाचणारी माणसं दोनच, आणि त्यातल्या एकाने तोंड बंद ठेवायचं आधीच ठरवलं होतं. पण मशीन कधीकधी चुकतं म्हटलं, तर बाळ्याही कधीकधी चुकतो असंच लोक म्हणत राहतील. संशयाचा फायदा घेतलेला माणूस आयुष्यभर घड्याळ दुसऱ्याला विचारतो. बाळ्याला पगार नको होता, असं का झालं त्याचं कारण हवं होतं.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले होते. त्यांच्या बाजूला मॅनेजर, कोपऱ्यात लॅपटॉप, समोर बाळ्या, वरची गुंडी लावून. जबाब टाइप करायला अर्थातच बाई. दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं. मॅनेजर बोलला ते त्यांनी टाइप केलं. वाक्यातला कर्ता हरवला होता, तो शोधून जागेवर बसवला. लॅपटॉप म्हणाला, मशीन जुनं आहे. तेही टाइप केलं. बाळ्या म्हणाला, "माझंच चुकलं असेल, साहेब." इथे बाईंची बोटं थांबली.

"हे मी टाइप करणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खोटं आहे म्हणून. इकडे या, दाखवते."

सगळे यंत्राभोवती गोळा झाले. बाईंनी जुनी प्रत चालवली. ४:२४. मॅनेजरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग बाईंनी ती ओळ उघडली, पहिलं शून्य पुसलं, पुन्हा कंपायलरला हाक मारली, पुन्हा चालवलं. ६:५०. आठचा हिशेब त्यांनी तीन वाक्यांत समजावून सांगितला. मॅनेजरला चौथं वाक्य लागलं.

"हे शून्य कोणी टाइप केलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी."

"कशासाठी?"

"रकाना सरळ दिसावा म्हणून."

मागून कोणीतरी हसलं. पैज हरलेल्यांपैकी एक दारात उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या, आणि आत्ता बोललेलं सगळं, प्रश्न आणि आपली उत्तरं, एकही शब्द न गाळता टाइप केलं.

बाळ्या त्याच दिवशी कामावर रुजू झाला. त्याची कोणी माफी मागितली नाही, डेपोकडे त्यासाठी छापील नमुना नव्हता. लॅपटॉपला प्रोग्राम सुधारायचं वेगळं काम मिळालं आणि त्याने पहिली सुधारणा म्हणून बाईंच्या कार्डावर दहावी ओळ लिहिली, 'शून्य लावू नये'. का, ते लिहिलं नाही. बाईंना ताकीद देणारं पत्र द्यायचं ठरलं. मॅनेजरने मजकूर खरडून त्यांच्याकडेच पाठवला, कारण डेपोत टायपिस्ट एकच होती. बाईंनी स्वतःच्या नावाचं ते पत्र मूळ अधिक दोन प्रती असं टाइप केलं. तीन वाक्यं दुरुस्त केली. 'अनवधानाने' असं मॅनेजरने लिहिलं होतं, बहुधा दया येऊन. बाईंनी ते खोडून 'फाजील आत्मविश्वासाने' असं घातलं. मॅनेजरने न वाचता सही केली.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी ते पत्र बाळ्यापुढे ठेवलं.

"वाच. मोठ्याने."

"हे काय आहे, ताई?"

"वाच म्हटलं ना."

भावजय हातातली पातेली तशीच धरून दारात थांबली. बाळ्याने कागद दोन्ही हातांनी धरला. आधी ओठ हलले, बोट ओळीवर गेलं. मग त्याने बोट काढून घेतलं.

"आपण वेळापत्रकात फाजील आत्मविश्वासाने..." तो थांबला. "ताई, हे असं कसं लिहिलं त्यांनी? हे बरोबर नाही."

"बरोबर आहे. पुढे वाच. आणि तुझ्या डोळ्यांना मी जे म्हणाले ते परत घेतलं, तेही यात आलंय असं समज."

बाळ्याने वाचलं. शेवटपर्यंत, सावकाश, स्वच्छ. "त्यामुळे ड्रायव्हरला दिलेल्या पट्टीवर सहा पन्नासऐवजी चार चोवीस अशी वेळ छापली गेली, आणि ड्रायव्हरने ती अचूक वाचली." हे वाक्य मॅनेजरच्या मजकुरात नव्हतं. बाळ्याने ते दोनदा वाचलं. मग कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि कोणालाही न विचारता म्हणाला, "आठ दहा झाले. वाढा आता."